वाळवंटातली अल्ट्रा आणि शर्यतीआधीची धाकधूक: गावाकडच्या धावपटूसाठी तीन आठवड्यांची तयारी

शर्यतीला वीस-एकवीस दिवस उरले की माझ्या पोटात गोळा यायला लागतो. तोवर आमच्याकडे धान कापून झालेलं असतं, बांधीत नुसती धसकटं उरतात, पुंजणी रचलेली असतात आणि पहाटे वैनगंगेवरचं धुकं गावात शिरतं. धावायला याहून चांगले दिवस नाहीत. तरी नेमका याच दिवसांत गुडघा दुखल्यासारखा वाटतो, रात्री दोनला जाग येते आणि शंभर किलोमीटरचा आकडा अंगावर येतो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात, नदीकाठच्या गावात राहतो. थरच्या वाळवंटात तीनदा अल्ट्रा धावलो. दोनदा पूर्ण केली, एकदा ६४व्या किलोमीटरला थांबलो. थांबलो तेव्हा पाय शाबूत होते. आधीच्या तीन दिवसांत घाबरून जे केलं ते नडलं: झोप मोडली, घटाघटा पाणी पीत राहिलो, सकाळी दुखण्याआधीच वेदनाशामक गोळी घेतली आणि सुटल्याबरोबर सुसाट पळालो. सरावाचं वेळापत्रक सांगणारे पुष्कळ आहेत. मी इथे फक्त या धाकधुकीबद्दल लिहितो आहे, आणि तिला रोज कोणतं काम द्यायचं त्याबद्दल.

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनपेक्षा लांब ती अल्ट्रा. आपल्या देशात वाळवंटी अल्ट्रा म्हटलं की जैसलमेरकडचा थर किंवा धोळावीराजवळचं कच्छचं रण. दोन्हीकडे शर्यती हिवाळ्यात होतात. खाली लिहिलंय ते थर डोळ्यांसमोर ठेवून, पण रणात जाणाऱ्यालाही बरंचसं लागू पडेल. रणात मऊ वाळूऐवजी मिठाचा पापुद्रा आणि त्याखाली चिखल असतो, एवढा फरक लक्षात ठेवा.

आधी अंगात काय चाललंय ते ओळखा

धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, आतड्याकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. म्हणून घशाला कोरड पडते, पोटात कालवाकालव होते, सारखं लघवीला आणि शौचाला जावंसं वाटतं, हातपाय गार पडतात. शरीर धावायची तयारी करतंय, फक्त तीन आठवडे आधीपासून करतंय. हे कळलं की निम्मा घोर जातो, कारण धाकधुकीचीच धास्ती घेणं थांबतं.

एक मात्र वेगळं ठेवा. चालताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेला असणं, यांपैकी काही असेल तर ते मनाचं समजू नका. डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा, त्यांचा होकार मिळाल्यावरच जा. आणि शर्यत नसतानाही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, मन उडालेलं असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

तीन आठवडे आधी: भीती मिठाच्या पाण्यात टाका

दरवर्षी पऱ्हे (धानाची रोपं) टाकायच्या आधी बाबा टबात दहा लिटर पाणी घेतात, त्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवतात आणि बियाण्याचं धान ओतून हातानं ढवळतात. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाशी बसतो. वरचा गाळून कोंबड्यांना टाकतात. तळचा दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवतात. पहिल्या शर्यतीआधी मी अंगणात गप्प बसलेला पाहून ते म्हणाले, "डोक्यात ठेवून का होते बापू? पाण्यात टाक, आपोआप दिसते."

तेच करायचं. एक कोरा कागद घ्या आणि मनात येईल ती भीती एकेका ओळीत लिहा. चांगली-वाईट, लहान-मोठी ठरवत बसू नका. माझ्या पहिल्या कागदावर सतरा ओळी होत्या. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: याबद्दल मला आज काही करता येतं का? येत असेल तर ती भीती भरलेली आहे, तिला काम द्या. येत नसेल तर ती वर तरंगणारी, तिच्यावर रेघ मारा. "बाकीचे सगळे शहरातले, महागड्या बुटांतले असतील" ही ओळ तरंगली. "शेवटचा आलो तर" हीसुद्धा. सतरापैकी सहा उरल्या, आणि सहा कामं माणसाच्या आवाक्यातली असतात.

तळाशी बहुतेकांच्या कागदावर वाळू, रात्र, रस्ता आणि पाणी हेच उरतं.

वाळूचं काम सगळ्यात आधी करा, कारण आपल्याकडे ते फुकट होतं. मऊ वाळूत धावायला कडक जमिनीच्या साधारण १.६ पट ऊर्जा लागते. चालायला तर २.१ ते २.७ पट. हे प्रयोगशाळेत मोजलेले आकडे आहेत. तुमचा स्वतःचा आकडा नदीच्या पात्रात मिळेल. डांगरवाड्या (नदीतल्या वाळूतले डांगराचे मळे) लावायच्या आधी पात्र मोकळं असतं. धरणाचं पाणी सुटणार असल्याची सूचना नाही ना, हे गावात विचारून मगच उतरा. एक किलोमीटर पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या रस्त्यानं धावा, एक किलोमीटर कोरड्या वाळूत, दोन्हीकडे दम सारखाच लागेल असं. मला पांदणीवर पावणेसात मिनिटं लागली, वाळूत साडेनऊ. हा फरक वहीत लिहिला तेव्हापासून वाळवंटात घड्याळ बघून छातीत धस्स होत नाही. किलोमीटरला दहा मिनिटं दिसली तरी मी बरोबर चाललोय हे मला ठाऊक असतं.

पात्रात धावताना पाय कसा पडतो तेही बघा. टाचेवर जोर दिला की टाच रुतते, चवड्यानं रेटलं की वाळू मागे सरते. पाऊल अख्खं, सपाट आणि जवळजवळ टाकायचं. ओलसर पट्टा किंवा वर पापुद्रा धरलेली वाळू नजरेनं हेरायची, आधी गेलेल्याच्या पावलात पाऊल टाकायचं. चढ आला की चालायचं, आणि चालण्याला माघार समजायचं नाही.

बुटात वाळू गेली की फोड येतात, आणि फोड आले की रात्री डोकं काम करत नाही. त्यासाठी गेटर लागतो, म्हणजे बूट आणि घोटा यांच्यावर चढवायचं कापडी आवरण. विकतचे मिळतात. मी गावच्या शिंप्याकडून विंडचीटरच्या बारीक विणीच्या कापडाचे शिवून घेतले, खाली वेल्क्रो लावून. वेल्क्रोचा दुसरा भाग बुटाला सगळीकडून घट्ट शिवला गेला पाहिजे. नुसता चिकटवला तर उन्हात गोंद सुटतो. ते घालून किमान तीनदा पात्रात दोन-दोन तास धावा आणि घरी येऊन बूट वर्तमानपत्रावर झाडा. किती वाळू पडते ते मोजा. माझ्या पहिल्या शिलाईत मूठभर पडली, तिसऱ्या वेळी चिमूटभर.

रात्रीचं काम करताना आपल्या भागात फार जपायला हवं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडच्या जंगलपट्ट्यात पहाटे किंवा रात्री एकट्यानं पांदणीनं धावू नका. वाघ आणि अस्वल यांची भीती मिठाच्या पाण्यात कधीच तरंगणार नाही, ती तळाशीच बसते. मी शाळेच्या मैदानावर, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसोबत रात्री आठ ते दहा हेडलॅम्प लावून फेऱ्या मारल्या. कंटाळा येतो, पण शिकायचं ते तिथे शिकता येतं: दिव्याच्या गोल उजेडात पाय कुठे टाकायचा, बॅटरी किती तास पुरते, अंधारात पाकीट फोडून खायचं कसं, हातमोजे घालून सेल बदलायचे कसे. हे शेवटचं डोळे मिटून जमेपर्यंत करा.

सूर्याचा हिशेबही मांडा. जैसलमेर आपल्यापासून नऊ रेखांश पश्चिमेला आणि बरंच उत्तरेला आहे. घड्याळ तेच, पण डिसेंबरात तिथे सूर्य आपल्यापेक्षा जवळपास पाऊण तास उशिरा उगवतो आणि मावळतो वीसेक मिनिटंच उशिरा. म्हणजे रात्र मोठी. पहिल्या खेपेला मी सकाळी साडेसहाला उजेडाची वाट पाहत होतो आणि दिवस उजाडतच नव्हता. शेवटचा तो अर्धा-पाऊण तास फार जड गेला. आता तो आकडा वहीत असतो. पवनचक्क्यांवरचे लाल दिवेही रात्रभर दिसतात. ते जवळ वाटतात आणि तासभर धावलं तरी जवळ येत नाहीत. त्यांच्यावर नजर लावू नका.

आपण विदर्भातली माणसं उन्हाला तयार असतो, थंडीला नाही. थरमध्ये डिसेंबरात दिवसा २५-२६ अंश असलं तरी रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, वर वारा. घामानं भिजलेला शर्ट अंगावर असताना तो वारा हाडांत शिरतो. कोरडा शर्ट, कानटोपी, वारा अडवणारं जॅकेट आणि चमकी ब्लँकेट पाठपिशवीत घालून बघा, म्हणजे रात्रीची अर्धी भीती तिथेच सुटते.

रस्ता चुकण्याची भीती खोटी नाही. १९९४ साली मोरोक्कोतल्या माराथाँ दे साब्ल या शर्यतीत मॉरो प्रोस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला. वादळ थांबायची वाट न बघता तो चालत राहिला. नऊ दिवसांनी तो सापडला तेव्हा सरहद्द ओलांडून अल्जीरियात पोचला होता. जगला ही मोठी गोष्ट. त्याच्याकडून मी एक नियम घेतला आणि तो पाठ केला: दहा मिनिटं एकही खूण दिसली नाही की थांबायचं, मागे वळायचं, शेवटच्या खुणेपर्यंत परत यायचं. वादळात खूण दिसत नसेल तर पाठ वाऱ्याकडे करून बसायचं, तोंडावर दुपट्टा बांधायचा आणि शिटी वाजवायची. शर्यतीच्या मार्गाची जीपीएक्स फाइल (वाट दाखवणारा डिजिटल नकाशा) घड्याळात आणि फोनमध्ये दोन्हीकडे ठेवा. गावातल्या गावात ती वापरून बघा: अनोळखी पांदणीची फाइल मित्राला करायला सांगा आणि भर दिवसा, दोघांनी मिळून तिच्यावरून जा.

पाण्याबद्दल लोक उलटं घाबरतात. घाबरलेला माणूस घोट-घोट पाणी पीतच राहतो, आदल्या दिवशीपासून. पाणी गरजेपेक्षा जास्त झालं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे १३५ मिलीमोलच्या खाली गेलं की डोकं दुखणं, मळमळ, हाताची बोटं सुजणं आणि पुढे भ्रम, झटके. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. तेव्हा तहान लागेल तसं प्या, आणि आदल्या दिवशी नेहमीइतकंच. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी एका लिटरसाठीच असते, अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करू नका. त्याची चव धावताना सोसते का ते पात्रातल्या सरावातच कळतं. मला सोबत गूळ-शेंगदाणे आणि खारट मुरमुरे लागतात. तुमचं तुम्ही शोधा, पण तीन आठवडे आधी शोधा.

वेदनाशामक गोळी आधीच घेऊन ठेवायचा मोह टाळा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या, घाम आणि तासन्‌तास धावणं एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण पडतो. मी घेतली होती. दुखत काहीच नव्हतं, फक्त भीती वाटत होती.

"झालं तर" ची वही

कामं सुरू झाली की छोटी वही करा. डाव्या पानावर "झालं तर", उजव्या पानावर "करायचं". पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं नव्वदच्या दशकात हे दाखवून दिलं की नुसतं "मी नीट करीन" म्हणण्यापेक्षा "असं झालं की मी तसं करीन" असं आधी ठरवणाऱ्याच्या हातून ते काम जास्त वेळा होतं. दमलेल्या डोक्याला विचार करावा लागत नाही. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं:

टाचेला चटका बसायला लागला तर: फोड यायची वाट बघायची नाही. तिथेच बसायचं, मोजा काढायचा, पाय कोरडा करायचा, टेप लावायची. सात मिनिटं गेली तरी चालेल.

ओकारी आली तर: वीस मिनिटं चालायचं, काही खायचं नाही, पाण्याचे छोटे घोट. मग मुरमुऱ्यांपासून सुरुवात.

रडू आलं तर: येऊ द्यायचं. चालत राहायचं. पुढच्या तळावर (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर) काहीतरी गरम प्यायचं.

सोबतचे सगळे पुढे गेले तर: पाठपिशवीचे पट्टे घट्ट करायचे आणि शंभर पावलं मोजायची. मग पुन्हा शंभर.

वहीच्या शेवटच्या पानावर थांबायचं कधी ते लिहा, आणि ते घरच्यांना वाचून दाखवा. लघवी काळपट तपकिरी झाली, आठ-दहा तास लघवीच झाली नाही, बोलताना शब्द सापडेनात, उन्हात अंग तापलंय आणि तोल जातोय, छातीत दुखतंय, यांतलं एकही झालं की मी थांबणार आणि तळावरच्या डॉक्टरांना सांगणार. यावर मनाशी वाद घालायचा नाही, कारण त्या वेळी मन शुद्धीत नसतं. माझी माय पहिल्या खेपेला तयार नव्हती. हे पान ऐकून तिनं एवढंच विचारलं, "अन् थांबला तं फोन करशील नं?" मी हो म्हटलं. त्यानंतर तिची झोप सुधारली आणि माझीही.

गावाचं ओझं

शहरातल्या धावपटूला बहुधा हे भोगावं लागत नाही. आपण गावातून पहिलेच जात असलो की चौकात फ्लेक्स लागतो, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर फोटो फिरतो, किराणा दुकानात विचारतात, "कोणता नंबर काढशील?" लोकांचं प्रेम असतं ते, पण रात्री दोनला तोच फ्लेक्स डोळ्यांसमोर येतो.

मी दोन गोष्टी केल्या. ज्यांनी फ्लेक्स लावायचं ठरवलं त्यांना जाऊन भेटलो आणि म्हटलं, भाऊ, परत आल्यावर लावा, त्यावर तुम्हीच फोटो निवडा. ते लगेच ऐकले. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: "नंबर नाही काढत, वाळवंट पाहून येतो." दहाव्यांदा म्हणेपर्यंत ते मलाच पटलं. शेवटच्या आठवड्यात ग्रुप म्यूट करा. घरातल्या एकाच माणसाला, बहिणीला किंवा बायकोला, सांगून ठेवा की कुणी विचारलं तर तूच सांग.

शेवटचे पंधरा दिवस: रिकामे पाय, भरलेलं डोकं

या दोन आठवड्यांत धावण्याचं अंतर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करायचं. वेग मात्र तोच ठेवायचा, फक्त थोडा वेळ. याला टेपर म्हणतात. पाय ताजे होतात, पण रोज थकायची सवय असलेलं मन सैरभैर होतं आणि नसलेली दुखणी शोधतं. अशा दुखण्यांसाठी मी दोन दिवसांचा नियम ठेवलाय: एकाच जागी, बोटानं दाबून दाखवता येईल असं, दोन दिवस लागोपाठ दुखलं तरच दाखवायला जायचं. फिरती दुखणी टेपरची असतात.

मोकळ्या वेळात जास्त धावून खात्री करून घ्यायचा मोह होईल. धावू नका. तणस रचा, मिरच्यांना पाणी द्या, हातांना काम द्या. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, या दिवसांत नाटकांचा हंगाम असतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. या दोन आठवड्यांत मी जात नाही. शर्यतीच्या आदल्या रात्रीची झोप हमखास मोडते, म्हणून त्याआधीच्या सात रात्री जमवून ठेवायच्या. संध्याकाळी चारनंतर चहा बंद, कारण चहातलं कॅफिन पाच तासांनीही निम्मं अंगात असतं.

रोज रात्री पाच मिनिटं श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की हृदय सावकाश होतं. ज्यांना मोजण्याचा कंटाळा येतो त्यांनी खंजिरी भजनात बसावं. ओळ ओढून म्हटली की श्वास आपोआप लांबतो. मला भजनच जमतं. पण हे तिथे पोचल्यावर पहिल्यांदा करून उपयोग नाही, अंगवळणी पडायला पंधरा दिवस लागतात.

प्रवास

गावाहून नागपूर, तिथून गाड्या बदलत राजस्थान, यात दीड-दोन दिवस जातात. शर्यतीच्या आधी निदान एक पूर्ण दिवस हातात राहील असं निघा. बूट, गेटर, हेडलॅम्प, वही आणि धावायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, झोपताना उशाशी. बाकी सगळं हरवलं तरी शर्यत होते. घरून भाकरी, तिळाची चटणी, चिवडा न्या. अनोळखी तेलाचं खाऊन पोट बिघडलं तर धाकधूक आणि अपचन यांतला फरक ओळखता येत नाही.

आदली संध्याकाळ

नंबरपट्टी घ्यायला गेलात की तिथे सगळे अनुभवी दिसतात. कुणी लडाख सांगतो, कुणी शंभर मैल. अर्ध्या तासात काम उरका आणि बाहेर पडा. नियम सांगणारी बैठक मात्र लक्ष देऊन ऐका, वहीत लिहा: तळ कुठे, पाणी कुठे, खुणा कोणत्या रंगाच्या, संकटात फोन कुणाला.

खोलीवर आलात की सगळं सामान चादरीवर मांडा, ज्या क्रमानं लागेल त्या क्रमानं. एकदा मोजा, पाठपिशवीत भरा, चेन लावा. मग ती पुन्हा उघडायची नाही. मी पहिल्या वर्षी रात्री चारदा उघडली, आणि चौथ्या वेळी काढलेली टेप खोलीतच राहिली.

सातच्या आत जेवा, नेहमीचंच, थोडं कमी. वरण-भात मिळाला तर उत्तम. झोप नाही आली तर भांडू नका. दिवा बंद, डोळे मिटून, पाय उशीवर. पडून राहण्यानंही शरीराला आराम मिळतो, आणि आधीच्या सात रात्री तुमच्या खात्यात आहेत. झोपेची गोळी आजवर घेतली नसेल तर या रात्री घेऊ नका.

सुटण्याआधी

तीन तास आधी उठा. घरी पिता तेवढाच चहा प्या. शौचाला दोन-तीनदा जावं लागेल, त्यासाठी वेळ धरूनच ठेवा. रांग लागते, रांगेत जीव कासावीस होतो.

मग सुरुवातीच्या रेषेपाशी छाती धडधडायला लागते. इथे स्वतःला "शांत हो" म्हणू नका. हार्वर्डमधल्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणं, भाषण किंवा गणिताची परीक्षा यांआधी ज्यांनी "मी उत्सुक आहे" असं म्हटलं त्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. धडधड तीच, नाव बदललं. "मी उत्सुक आहे" हे आपल्या तोंडी बसत नाही. मी म्हणतो, "कधी सुटतो असं झालंय." मोठ्यानं म्हणतो, शेजारच्याला ऐकू जाईल असं.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, सुटायच्या आधी बैलजोडी पाहिली असेल. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, खुरानं माती उकरतात, मधूनच शेण टाकतात. हाकणारा त्यांना गप्प करत नाही. मानेवर हात ठेवतो आणि तोंडानं एकसारखा, हळू आवाज काढत राहतो. मीही उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवतो, लांब श्वास सोडतो, दहा वेळा. तेवढ्यात घोषणा होते.

माझा मामेभाऊ झाडीपट्टीच्या नाटकात काम करतो. त्याला विचारलं होतं, तीन अंक डोक्यात कसे ठेवतोस? तो म्हणाला, "विंगेत फक्त पहिलं वाक्य म्हणतो. बाकीचं स्टेजवर गेल्यावर येते." तेव्हापासून रेषेवर मी शंभर किलोमीटर आठवत नाही. पहिले पाच आठवतो: कुठे वळायचं, पहिली खूण कुठे, वाळू कुठून लागते.

पहिले दहा किलोमीटर

मागच्या फळीत उभे राहा. अ‍ॅड्रेनालिनमुळे पहिल्या अर्ध्या तासात वेग सोपा वाटतो, आणि त्याची किंमत रात्री मोजावी लागते. माझी कसोटी साधी आहे: शेजारच्याशी दोन पूर्ण वाक्यं न अडखळता बोलता आली पाहिजेत. नाही आली तर चालायचं. लोक पुढे जातील. जाऊ द्या, त्यांतले बरेच मला नंतर चालताना भेटले आहेत, आणि आम्ही सोबत चाललो आहोत.

वीस-तीस मिनिटांत पोटातला गोळा बहुतेकांचा विरतो. नाही विरला तरी हातांना काम आहेच. दर अर्ध्या तासानं काहीतरी खा, भूक नसली तरी. पहिल्या तळावर बसू नका. बाटली भरा, बुटातली वाळू झाडा, टेप बघा, दुपट्टा ओला करून मानेवर टाका, तळावरच्या माणसाला आपला नंबर मोठ्यानं सांगा आणि निघा.